मिठीला काठ असतो का?

अनुजा_के
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. त्यानंतर सगळे मिठी नदीला भिंती बांधायच्या मागे लागले. अनुराधा माथुर (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चर शिकवायच्या, २०२२ मध्ये गेल्या) आणि दिलीप दा कुन्हा यांनी वेगळाच प्रश्न विचारला. २००९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं होतं. म्हणणं असं: मुंबई बेट नाही, खाडीमुख आहे, म्हणजे नदीचं आणि समुद्राचं पाणी मिसळतं ती जागा. जमीन आणि पाणी यांच्यातली रेघ नकाशावाल्यांनी मारली. पाऊस ती जुमानत नाही, मग आपण त्याला पूर म्हणतो. पाणी ढकलू नका, मुरायला-थांबायला जागा ठेवा.
मला हे मनापासून पटतं. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जागी खाजण होतं, भरतीचं पाणी तिथे पसरायचं. आता ते कुठे जाणार?

उतार_पातळी
पर्जन्यजल वाहिन्यांवर आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की पाणी समुद्रात उतरतच नाही, तिथे पंपच लागतात. मुरवणार कुठे? जुलैत जमीन आधीच तुडुंब असते. आणि रेघेला नावं ठेवू नका. निळी पूररेषा (नदीकाठी जिच्या आत बांधकाम करू देत नाहीत ती) आहे म्हणून बिल्डरला नाही म्हणता येतं. ती पुसली की पहिला भराव त्याचाच पडेल.

कुर्ल्याची_लेक
रेघ आमच्या घरात आहे. स्विचबोर्डाच्या वर चार बोटं. तीनदा रंग दिला, तरी ओल धरली की दिसते. रेशनकार्ड, दाखले तेव्हापासून पोटमाळ्यावर, झाकणाच्या डब्यात.
नदी रुंद करायचं ठरलं तेव्हा मोजणीवाले आमच्या गल्लीत आले. विमानतळासाठी नदीच वळवली, तिथे कोणी फीत धरली नाही. पाण्याला जागा द्या म्हणता, ती कोणाची, अनुजाताई?

अनुजा_के
प्रश्न बरोबर आहे, आणि मी तो मूळ लेखनातच मांडायला हवा होता. पण मला त्यांची मांडणी तुमच्या बाजूची वाटते. काठच पक्का नसेल, तर अतिक्रमण फक्त झोपडीचं कसं? पाणी वरपासून अडवायचं, पवईत, आरेत, मोठ्या सोसायट्यांच्या आवारात. सगळा भार खालच्या गल्लीवर का?

उतार_पातळी
वर अडवायला माझी ना नाही. दादरच्या हिंदमात्याच्या सखल भागासाठी मैदानाखाली टाक्या बांधल्याच की. पण पंप आणि पूररेषा सोडायला मी तयार नाही.

कुर्ल्याची_लेक
टाक्या बांधा, पंपही ठेवा. फक्त या वेळी फीत आधी संकुलात घेऊन जा. आमच्या गल्लीचं त्यानंतर बोलू.