मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर मराठीतून स्पीच थेरपी, कोथरूड-कर्वेनगर

नमस्कार मंडळी, बाबांना (वय ६८) दिवाळीनंतर इस्केमिक स्ट्रोक (गुठळीमुळे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं) झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. आता काठी घेऊन चालतात, हाताला घरी फिजिओ चालू आहे, गिळायला त्रास नाही. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने नियमित आहे, त्यामुळे प्लीज औषधं किंवा तेल-मालिश सुचवू नका.

अडलंय ते बोलण्यावर. समजतं सगळं, पण शब्दच येत नाही, चहा हवा असला की नुसतं "ते... ते..." करतात आणि चिडून मान फिरवतात. आणि तेच बाबा संध्याकाळी आईबरोबर रामरक्षा न अडखळता म्हणतात! डॉक्टर म्हणाले हे अफेजियात (मेंदूला इजा झाल्याने भाषेवर होणारा परिणाम) होतं, पहिले काही महिने सराव फार महत्त्वाचा. ऑनलाइन थेरपी करून बघितली पण सगळी चित्रं-शब्द हिंदी-इंग्रजीत, शिवाय स्क्रीनसमोर लगेच थकतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून रोज कुठे नेणं जमत नाही.

तर कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात घरी येऊन मराठीतून अफेजियाची थेरपी देणारे कोणी स्वतःच्या अनुभवातून सुचवाल का, आणि एका सेशनची फी साधारण किती पडते?