बेरोजगारीच्या रेघा शेजारी शेजारी काढून काय कळतं?

पाटीपेन्सिल:
परवा एक आलेख पाहिला. पाच-सहा देशांच्या बेरोजगारीच्या रेघा आणि वर प्रश्न: 'कोण जिंकलं?' माझ्या मते ही तुलनाच निरर्थक आहे. एप्रिल २०२० घ्या. अमेरिकेचा दर एका महिन्यात ४.४ वरून १४.७ टक्क्यांवर गेला, जर्मनीचा जेमतेम हलला. म्हणजे जर्मनीत कामं चालू होती? छे! तिथे साठेक लाख लोक 'कुर्झआर्बाइट'वर होते. कामाचे तास कमी किंवा शून्य, नोकरी कागदावर शाबूत, आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारी विमा निधीतून. घरी बसलेले दोघेही, मोजला एकच.

तिरकी_रेघ:
साफ असहमत. नोकरी शाबूत राहिली हाच तर फरक, आणि तो तुलनेमुळेच दिसला! बरं, मोजमाप एकच असलेले देश घ्या. २००५ मध्ये जर्मनी ११ टक्क्यांवर होता, २०१३ मध्ये ५ च्या आसपास. स्पेन २००७ मध्ये ८, २०१३ मध्ये २६. दोघांचं चलन युरो, व्याजदर ठरवणारी बँकही एकच. गंमत म्हणजे २००९ मध्ये जास्त आपटली ती जर्मनीची अर्थव्यवस्था. पण स्पेनमध्ये बांधकामाचा फुगा फुटला, आणि संकटापूर्वी तिथले जवळजवळ एक तृतीयांश नोकरदार मुदतीच्या करारावर होते. मुदत संपली, माणूस घरी. आता यात व्याख्येचा काय दोष?

घड्याळजी:
व्याख्येचा दोष हवाय? नायजेरिया. तिथे आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणारा बेरोजगार धरत. २०२० च्या अखेरीस दर ३३.३ टक्के. मग आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पद्धत घेतली: आठवड्यात एक तास काम केलं की रोजगार. २०२३ च्या सुरुवातीला दर ४.१! आता ही रेघ जर्मनीशेजारी काढा आणि वाजवा टाळ्या.

तिरकी_रेघ:
पद्धत बदलली तिथे रेघ तोडायची, एवढं साधं आहे. ढेकणांपायी घर कशाला जाळता?

रिकामटेकडा:
आकड्यांतलं मला फार कळत नाही. पण मी आठ महिने घरी होतो. पहिले तीन महिने रोज अर्ज पाठवले, मग कंटाळून सोडून दिलं. नियम असा की गेल्या चार आठवड्यांत काम शोधलेलं असलं तरच बेरोजगार. म्हणजे मी हात टेकले आणि देशाचा दर सुधारला. माझा हातभार!

पाटीपेन्सिल:
@तिरकी_रेघ, स्पेन-जर्मनीपुरतं मान्य, 'निरर्थक' शब्द मागे घेतो. पण रिकामटेकडांसारखे लोक गळतात त्याचं काय? त्यापेक्षा २५ ते ५४ वयातल्या शंभरांपैकी किती जण कामावर आहेत, ते बघावं. त्यात हात टेकलेलेही दिसतात.

घड्याळजी:
आणि 'कामावर' कोणाला म्हणायचं? आठवड्यात एक तास केलेल्यालाच ना?