मदत हवी आहे : पसरणाऱ्या पेटुनियाला थंडीत कळ्याच येत नाहीत

नमस्कार. पुण्यातील आमच्या गच्चीवर टांगत्या कुंड्यांमध्ये लावलेल्या पसरणाऱ्या पेटुनियाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सप्टेंबरच्या अखेरीस बी पेरले. बी गोळीबंद होते आणि पाकिटावर 'पर्पल वेव्ह' असे नाव होते. पेटुनियाचे बी उजेडात उगवते म्हणून ते मातीने न झाकता ओलसर कोकोपीटवर नुसते टेकवून ठेवले, आणि उगवण उत्तम झाली. पुढे रोपे बारा इंची टांगत्या कुंड्यांमध्ये हलवली. मिश्रण निम्मे धुतलेले कोकोपीट, उरलेल्यात गांडूळखत, थोडी बागेची माती आणि परलाइट असे आहे. सकाळपासून दुपार उलटेपर्यंत थेट ऊन मिळते. पाणी बोअरवेलचे आहे. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत सौम्य प्रमाणात देतो.

आता जानेवारी उजाडला, तरी झाडे कुंडीच्या काठाबाहेर पडलेली नाहीत. प्रत्येक रोप मातीला चिकटून गोल पसरले आहे, बुंध्यापासून भरपूर फुटवे आले आहेत, पाने दाट आहेत, पण कळीचा पत्ता नाही. त्याच सुमारास पेरलेली साधी, उभी वाढणारी पेटुनिया शेजारच्याच कुंड्यांमध्ये, त्याच उन्हात आणि त्याच खतावर डिसेंबरपासून फुलली आहे. त्यामुळे ऊन कमी पडते किंवा नत्र जास्त होते, ही नेहमीची उत्तरे मला येथे पटत नाहीत.

दुसरी अडचण अशी की शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडू लागली आहेत. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट होत जातो. जुनी पाने मात्र ठीक आहेत. कुंड्यांच्या काठावर पांढरा थरही साचतो.

कळ्या न येण्याचे कारण काय असावे, पिवळेपणासाठी काय द्यावे, आणि फांद्या लांबाव्यात म्हणून शेंडे खुडावेत की तसेच राहू द्यावेत, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद (कोल्हापूर)

१९:१९:१९ बंद करून ०:५२:३४ द्यावे. स्फुरद आणि पालाश वाढले की कळ्या धरतात. आमच्याकडे शेवंतीला याचा चांगला उपयोग झाला आहे.

प्रतिसाद (नाशिक)

वरील सल्ला शेवंतीसाठी ठीक असेल, पण या प्रश्नाचे मूळ खतात नाही, असे मला वाटते. शेवंतीला फुलण्यासाठी लहान दिवस लागतो, तर पेटुनियाची प्रवृत्ती नेमकी उलट आहे. दिवस मोठा झाला की ती लवकर फुलते. साध्या पेटुनियाच्या बहुतेक जाती लहान दिवसातही, थोड्या उशिराने का होईना, फुलतात. पर्पल वेव्हचे तसे नाही. ती जपानमध्ये तयार झालेली संकरित जात असून तिला १९९५ साली ऑल अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला, आणि बियांपासून वाढणारी पसरणारी पेटुनिया तिच्यामुळेच घरोघरी पोहोचली. मात्र तिला कळी धरण्यासाठी साधारण १३ तासांचा किंवा त्याहून मोठा दिवस हवा असतो. पुण्यात डिसेंबरअखेरीस दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. अशा लहान दिवसात हे रोप बुटके राहते, बुंध्याशी फुटवे काढत बसते आणि कळी लांबवते. आपण केलेले वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळते.

वाट पाहावी म्हटले तर पंचाईत अशी की पुण्यात दिवस १३ तासांपर्यंत पोहोचतो तो मेच्या मध्यानंतर. तोवर उन्हाने झाडे होरपळलेली असतात, आणि त्यानंतर लगेच पाऊस सुरू होतो. उत्तरेकडच्या देशांत मोठा दिवस आणि सुसह्य हवा एकाच वेळी येतात. आपल्याकडे ती जोडी जमत नाही. पाकिटावरचे चित्र तिकडच्या उन्हाळ्यातले असते, हे बी घेताना ध्यानात ठेवलेले बरे.

उपाय दोन आहेत. या हंगामापुरता कृत्रिम उजेडाने दिवस वाढवता येतो. त्यासाठी झाड वाढवण्याचे महागडे दिवे लागत नाहीत, कारण येथे उजेडाने अन्न तयार करायचे नसून रात्र लहान झाल्याची जाणीव झाडाला द्यायची असते. कुंडीपासून तीन-चार फुटांवर पिवळसर उजेडाचा दिवा पुरतो. जुना तारेचा बल्ब मिळाला तर अधिक चांगले, कारण त्याच्या उजेडातला लाल आणि त्यापलीकडचा अंश पेटुनियाला विशेष परिणामकारक ठरतो. सूर्य मावळल्यापासून एकूण दिवस १४ तासांचा होईपर्यंत, किंवा रात्री १० ते २ असा मधल्या वेळेत, तो रोज न चुकता लावावा. फळ लगेच दिसणार नाही. थंड रात्री कळीची वाढ मंदावते, म्हणून काही आठवडे धीर धरावा लागेल.

पुढच्या हंगामासाठी मात्र 'ईझी वेव्ह' गटातले बी घ्यावे. ही मालिका लहान दिवसातही बऱ्यापैकी वेळेवर फुलते. ती पर्पल वेव्हइतकी जमिनीलगत पसरत नाही, थोडी उंच आणि गोलसर होते, पण टांगत्या कुंडीत ते उलट शोभतेच.

शेंडे आत्ता खुडू नयेत. फुटवे आधीच भरपूर आहेत, आणि खुडल्याने कळी आणखी मागे पडेल.

प्रतिसाद (नागपूर)

पिवळेपणाबद्दल लिहिते. जुनी पाने सरसकट पिवळी पडली असती तर नत्राची कमतरता म्हटले असते, जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपणा असता तर मॅग्नेशियमची. कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे. मातीत लोह नसते असे नाही, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढला की झाडाला ते उचलता येत नाही, आणि पेटुनिया या बाबतीत फारच हळवी आहे. तिला सामू साडेपाच ते सव्वासहाच्या आसपास मानवतो. काठावरचा पांढरा थर म्हणजे आपल्या बोअरवेलच्या पाण्यातले क्षार होत. मिश्रण कितीही चांगले केले तरी असे पाणी रोज घातल्याने त्याचा सामू हळूहळू चढत जातो.

पाण्याचा सामू कागदी पट्टीने पाहावा आणि वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व चिमटीचिमटीने मिसळून तो सहाच्या जवळ आणावा. पट्टी न पाहता अंदाजाने आम्ल घालू नये. पावसाचे साठवलेले पाणी असल्यास त्याहून उत्तम. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता यावे म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह, घेताना ते रसायन ईडीटीए आहे की ईडीडीएचए, हे पाकिटावर अवश्य वाचावे. सामू साडेसहाच्या वर गेला की पहिल्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो, दुसरे मात्र क्षारयुक्त मातीतही टिकते. ते गडद लाल असते आणि फरशीवर डाग पाडते, म्हणून कुंडी खाली उतरवून, पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मुळाशी द्यावे. गंजलेले खिळे मातीत पुरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो हसून सोडून द्यावा. राख आणि चुना यांचा तर विचारही करू नये.

आमच्याकडे काळी माती आहे. ती जात्याच चुनखडीची आणि पाणी धरून ठेवणारी असल्याने मी पेटुनिया जमिनीत थेट लावत नाही. वाफा वीतभर उंच करून त्यात वाळू आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळते, आणि पसरणारी जात असेल तर दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर ठेवते. एवढे अंतर सुरुवातीला ओकेबोके दिसते, पण दाटी केली तर मधल्या भागात वारा खेळत नाही आणि भुरी व बुरशी हटकून येते.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

येथे आम्ही कडाका संपल्यावर, मेच्या मध्यानंतर, टांगत्या कुंड्या बाहेर काढतो. जूनमध्ये दिवस १५ तासांचा असतो, त्यामुळे कळ्यांची चिंता कधी करावी लागली नाही. या धाग्यामुळेच त्यामागचे कारण कळले. एक गोष्ट सुचवतो. बहर सुरू झाल्यानंतर काही काळाने बुंध्याशी फांद्या उघड्या पडतात आणि फुले फक्त टोकांना उरतात. तेव्हा फांद्या एकतृतीयांश कापून लगेच खत द्यावे. सगळ्या एकदम कापणे जिवावर येत असेल, तर आठवड्याला मोजक्याच कापाव्यात.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिवसाच्या लांबीचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता, आणि शेजारच्या साध्या पेटुनियाचे कोडे त्याने पूर्ण सुटते. काही कुंड्यांवर दिवा लावून आणि उरलेल्या तशाच ठेवून पाहणार आहे, म्हणजे फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. लोह सगळ्यांनाच देईन. आता एकच शंका उरते : रात्रभर दिवा पाहून पतंग येतील, त्यांनी झाडावर अंडी घातली तर काय करावे?

प्रतिसाद (नाशिक)

शंका रास्त आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि तंबाखूवरची पाने खाणारी अळी, दोन्हींचे पतंग रात्री फिरतात आणि पेटुनिया तंबाखूच्याच कुळातली असल्याने दोघींनाही ती चालते. म्हणून संध्याकाळी दिवा लावण्याऐवजी टायमर बसवून तो पहाटे, सूर्योदयापर्यंत लावावा. दिवस पुढून वाढवला काय आणि मागून वाढवला काय, झाडाला सारखेच, आणि पतंगांची वर्दळ त्या वेळी बरीच ओसरलेली असते. कळ्यांना भोके आणि पानांवर काळ्या बारीक लेंड्या दिसल्या तर अळी हाताने वेचावी, आणि फार झाल्यास बीटी हे जैविक कीटकनाशक सायंकाळी फवारावे; अळी लहान असतानाच त्याचा गुण येतो. तंबाखूचे कूळ म्हटल्यावर आणखी एक सांगतो. गच्चीवर पाणी घालणारे कोणी तंबाखू मळत असेल, तर त्याला झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवायला सांगावे, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावाटे पेटुनियावर सहज येतो आणि त्यावर औषध नाही.