ऑर्नेट कोलमनच्या हातात व्हायोलिन कुणी दिलं?

मंद्रसप्तक
१९५९चा जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट मला पूर्ण मान्य आहे. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये त्याच्या चौकडीनं जी खळबळ माजवली, तिच्यात संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन त्याच्या बाजूनं आणि ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज विरोधात. मी बर्नस्टाइनच्या बाकावर. पण १९६२च्या टाउन हॉल मैफलीनंतर हा माणूस दोनेक वर्षं मंचावरून गायब होतो आणि १९६५ला परततो तो अल्टो सॅक्सच्या जोडीला ट्रम्पेट आणि व्हायोलिन घेऊन. दोन्ही स्वतःच शिकलेली, व्हायोलिन तर डावखुरं धरून. पुढच्याच वर्षी 'द एम्प्टी फॉक्सहोल' या अल्बमसाठी ड्रम्सवर बसवलं कुणाला? पोटच्या पोराला. डेनार्डो, वय वर्षं १०. शेजारी बास घेऊन नावाजलेला चार्ली हेडन! याला बंडखोरी म्हणायचं की लाड? सॅक्सोफोनमागे टेक्ससच्या ब्लूज बँडांत घासलेली वर्षं होती. व्हायोलिनमागे काय होतं?

आडताल
व्हायोलिनचं सोडा, सॅक्सवर तरी काय होतं? सूर कुठे चढा, कुठे उतरलेला. पियानोवाला ठेवला नाही, कारण ठेवला असता तर चोरी पकडली गेली असती. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं त्याच्या डोक्यातच बिघाड आहे अशा अर्थाचं बोलून ठेवलंय, आणि माइल्सचे कान काही कच्चे नव्हते. त्यात तो पांढरा प्लास्टिकचा सॅक्स. नाटकं नुसती.

गच्चीवरचा
आडताल, प्लास्टिकचं आधी निकालात काढू. १९५४मध्ये लॉस एंजेलिसला त्याच्याकडे धातूच्या वाद्याइतके पैसे नव्हते, म्हणून ग्राफ्टन हा प्लास्टिकचा सॅक्स घेतला. आवाज आवडला, मग ठेवला. चार्ली पार्करनंही १९५३ला टोरंटोत ग्राफ्टनच वाजवला होता. तिथे नाही कुणाला नाटक दिसलं ते.

आता चोरीबद्दल. त्याची 'लोनली वुमन' ही रचना हेडफोन लावून ऐका. बिली हिगिन्सची झांज सुसाट, हेडनचा बास खाली गंभीर, आणि या सगळ्यावर ऑर्नेट आणि ट्रम्पेटवाला डॉन चेरी शोकगीतासारखी संथ धून घेतात. दोघं एकच ओळ वाजवतात, पण काटेकोर एकत्र नाहीत, किंचित सांडत जातात. घाई खाली, विलंबित वर. पियानो असता तर प्रत्येक सुराखाली कॉर्डची फरशी आली असती आणि ते सांडणं चूक वाटलं असतं. पियानो लपवायला नाही, जागा करायला काढला. चढ्या-उतरलेल्या सुराबद्दल त्याचं म्हणणं होतं की 'शांती' नावाच्या रचनेतला एफ हा सूर आणि 'दुःख' नावाच्या रचनेतला एफ सारखा वाजता कामा नये. आपण रागागणिक गंधार वेगळा लागतो म्हणून माना डोलावतो, आणि टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा हा माणूस तेच म्हणाला की बेसूर?

शिवाय हा माणूस लिफ्ट चालवता चालवता हार्मनीची पुस्तकं वाचायचा. त्याआधी लुइझियानातल्या बॅटन रूजला एका कार्यक्रमानंतर लोकांनी मारहाण करून त्याचा टेनर सॅक्स फेकून दिला होता. ढोंगच करायचं तर याहून सोपे मार्ग होते हो.

मंद्रसप्तक
सुंदर लिहिलंत, पण हे सगळं मी पहिल्याच ओळीत मान्य केलंय. माझा प्रश्न व्हायोलिनचा आणि पोराचा आहे.

कोमलऋषभ
पोराचं मी सांगते. 'साउंड ग्रामर', २००५ची जर्मनीतली मैफल, जिच्यासाठी ऑर्नेटला २००७चं पुलित्झर मिळालं, तिच्यात ड्रम्सवर कोण आहे? डेनार्डो. बापाला घोटलेला हात नको होता, कान हवा होता. माणसं निवडण्याची त्याची ही नजर आपल्याकडेही पोचली होती: १९७१ला 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी त्यानं मुंबईच्या आशा पुथलीला गायला बोलावलं. त्यातलं 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' ऐका. त्या वळणावळणाच्या ओळीवर ती कुठेही चाचपडत नाही.

आडताल
पुलित्झर बापाला मिळालं, ताई. आणि चाळीस वर्षं वाजवल्यावर कुणाचाही हात बसेल. पोराची ती पहिली तबकडी ब्लू नोट कंपनीनं पैसे घेऊन विकली होती, घरच्या अल्बमात चिकटवली नव्हती.

कोमलऋषभ
मग हेडन का बसला असता शेजारी? त्याला काय काम मिळत नव्हतं?

मंद्रसप्तक
बरं, डेनार्डोचं सोडतो. व्हायोलिनवर ठाम आहे. स्टॉकहोमच्या गोल्डन सर्कल क्लबमधली १९६५ची मैफल, तबकडीचा दुसरा भाग, पहिलाच तुकडा 'स्नोफ्लेक्स अँड सनशाइन'. व्हायोलिन, ट्रम्पेट, पुन्हा व्हायोलिन. ज्याला तो सलग ऐकवतो त्यानं इथे येऊन सांगावं. मी थेट 'मॉर्निंग साँग'वर उडी मारतो, तिथे अल्टो आहे.

गच्चीवरचा
ऐकवतो. व्हायोलिनकडे सुरांची अपेक्षा ठेवू नका, तो त्यावर गज घासून ताल धरतोय. चार्ल्स मॉफेट ड्रम्सवर काय करतोय तिकडे कान द्या आणि मग सांगा, कोण कुणाची साथ करतंय.