वादळ आणि गारपिटीत घरावरील सौर पॅनेल कितपत तग धरतात?

प्रश्न

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायचे जवळजवळ नक्की झाले आहे, परंतु वादळवारा आणि गारपीट यांची धास्ती वाटते. माहिती देणाऱ्यांनी ‘पॅनेलला काही होत नाही’ एवढ्यावर विषय संपवल्यामुळे शंका वाढलीच. काच फुटण्याचा धोका मोठा की पॅनेल उडून जाण्याचा, आणि खरेदीपूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

ते विधान एका मर्यादेपर्यंत खरे आहे. ‘आयईसी ६१२१५’ या आंतरराष्ट्रीय मानकातील गारांच्या नेहमीच्या चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने पॅनेलवर ११ ठिकाणी मारले जातात. त्यात टिकलेले पॅनेल बोराएवढ्या गारांना सहसा दाद देत नाही. मात्र गार मोठी झाली की तिचे वजन आणि पडण्याचा वेग दोन्ही वाढतात, त्यामुळे व्यास दुप्पट झाल्यास आघाताची ऊर्जा साधारण सोळापट होते. मे २०१७ मध्ये अमेरिकेतील गोल्डन येथे राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या आवारात जबर गारपीट झाली, तेव्हा तेथील एका इमारतीच्या तीन हजारांहून अधिक पॅनेलांपैकी एकच फुटले. उलट मार्च २०२४ मध्ये टेक्सासमधील एका मोठ्या सौर प्रकल्पात हजारो पॅनेल निकामी झाली.

काचेची चौकशी अवश्य करावी. एकेरी काचेच्या पॅनेलमध्ये ती बहुधा ३.२ मिलिमीटर जाडीची आणि टफन्ड (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) असते, तर दोन्ही बाजूंनी काच असलेल्या पॅनेलमध्ये अनेकदा प्रत्येकी २ मिलिमीटरची असते आणि इतकी पातळ काच पूर्णपणे टफन्ड करणे अवघड जाते. दुहेरी काच म्हणजे दुप्पट मजबुती, हा समज म्हणूनच गारांच्या बाबतीत फसवा आहे.

उत्तर २

वरील माहिती योग्य आहे. तरीही माझ्या मते घरगुती छतावर काचेपेक्षा पॅनेलची छतावरील पकड आधी दगा देते. पॅनेलची वाऱ्यासाठीची चाचणी सामान्यतः २४०० पास्कल दाबाला, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४० किलो भाराला होते. ताशी १८० किलोमीटर वाऱ्याचा मूळ दाब साधारण १५०० पास्कल भरतो, त्यामुळे आकडा दिलासा देणारा वाटतो. पण छताच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर वारा पॅनेलला खालून उचलतो व वरून ओढतो, आणि तेथील ओढ मूळ दाबाच्या कितीतरी पट असू शकते. शिवाय शेजारच्या दोन पॅनेलांना मिळून मधला क्लॅम्प (पॅनेल सांगाड्याला आवळून धरणारी पकडपट्टी) एकच असतो. एक पॅनेल निसटले की त्या क्लॅम्पची शेजारच्या पॅनेलवरची पकडही सुटते आणि सगळी ओळ पाठोपाठ उखडते. म्हणून पॅनेल छताच्या कडेपासून आत घ्यावीत, कंपनाने सैल न होणारे नट वापरावेत, आणि सांगाडा छतातील कशात रोवला आहे, हे बसवणाऱ्यांकडून लेखी घ्यावे. कागदावरचा २४०० हा आकडा पॅनेलचा असतो, तुमच्या छताचा नव्हे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. गारपिटीनंतर काच शाबूत दिसली, तर पॅनेल सुरक्षित समजावे का?

उत्तर ३

तसे समजू नये. आतील सिलिकॉनच्या चकत्यांना केसासारखे तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि वीज कालांतराने घटते. त्यामुळे वादळापूर्वीच्या स्वच्छ उन्हाच्या दिवसांतील उत्पादनाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. विम्याचा दावा करतानाही त्या उपयोगी पडतात. उत्पादकाच्या हमीतून नैसर्गिक आपत्ती बहुधा वगळलेली असते, हेही ध्यानात असू द्यावे.

काच फुटलीच असेल, तर त्या पॅनेलला हात लावू नये. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते, आणि पाणी आत शिरले असल्यास चौकटीतूनही झटका बसू शकतो. जवळपास वीज कोसळल्यावर मात्र पॅनेलांपेक्षा इन्व्हर्टर जळण्याची शक्यता अधिक असते. त्यासाठी नीट अर्थिंग आणि डीसी (पॅनेलकडील) व एसी (घराकडील) अशा दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या दाबाची अचानक उसळी रोखणारी साधने, हवेत.

एवढे तपासूनही शंका राहिली, तर इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन’संबंधी (वीज बाहेर झिरपू न देणाऱ्या आवरणाचा) दोष दाखवतो का, हे पावसानंतरच्या सकाळी पाहावे. ओलावा आत गेलेला असला, तर तो बहुधा तेव्हाच उघड होतो.