मदत हवी आहे: १९७० च्या शेव्हेलला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना मागचे क्राउन-पिनियनही बदलावे लागेल का?

नमस्कार.

माझ्याकडे १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू आहे. गाडी दोन दारांची असून तिला ३५० घनइंचाचे व्ही-८ इंजिन आहे, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आहे आणि कागदोपत्री २५० अश्वशक्ती आहे. त्यामागे टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, पुढची सीट बाकासारखी अखंड आहे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर आहे. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ पडू लागले की गाडी गॅरेजमध्ये जाते ती एप्रिलपर्यंत बाहेर निघत नाही, आणि या हिवाळ्यात ऑटोमॅटिक उतरवून मॅन्युअल बसवावा असे बरीच वर्षे मनात असलेले काम हाती घेतले आहे. गाडी चालवायला मी पुण्यात वडिलांच्या पद्मिनीवर शिकलो. तिचाही दांडा कॉलमवरच होता, पण त्याने चार गिअर टाकता येत; इथला दांडा ‘चल’ आणि ‘थांब’ यापलीकडे फारसे काही सांगत नाही.

गाडी एस.एस. (सुपर स्पोर्ट ही खास आवृत्ती) नाही, त्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने फार मोठे नुकसान होईल असे वाटत नाही. तरीही इंजिनवर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो, म्हणून ब्लॉकवर कायमचा कोणताही बदल करायचा नाही, आणि काढलेला गिअरबॉक्स तोंडे बंद करून जपून ठेवायचा, एवढे ठरवले आहे.

पर्याय दोन आहेत. एका ओळखीच्या गृहस्थांकडे म्युन्सी एम-२० हा त्या काळचाच चार गतींचा गिअरबॉक्स आहे. त्याचा पहिला गिअर २.५२ आणि चौथा १.०० आहे. दुसरा पर्याय म्हणजे ट्रेमेकचा पाच गतींचा नवा टीकेएक्स. तो पहिला २.८७ व पाचवा ०.६८, किंवा पहिला ३.२७ व पाचवा ०.७२ अशा संचांत मिळतो. मन म्युन्सीकडे ओढते, कारण गाडीला तो शोभतो. पण हमरस्त्यावर पाचवा गिअर हवाच, असे पाठ आणि कान दोन्ही सांगतात.

माझी मुख्य अडचण मागच्या अॅक्सलची आहे. तिथे क्राउन-पिनियनचे (चाकांकडे फेरे नेणाऱ्या दातेरी जोडीचे) गुणोत्तर २.७३ आहे. माझ्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअरही २.५२ च आहे आणि गाडी जागेवरून व्यवस्थित उठते. मग तितकाच पहिला गिअर असलेला म्युन्सी बसवल्यावर उठाव तसाच राहायला हवा, असे माझे साधे गणित आहे. तरीही दोन जाणकारांनी सांगितले की २.७३ वर मॅन्युअल बसवल्यास प्रत्येक सिग्नलला क्लच जळेल. माझे गणित नेमके कुठे चुकते?

याशिवाय, मूळ ऑटोमॅटिक गाडीच्या क्रँकमध्ये पायलट बुश (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारी बुश) बसेल का, आणि गाडीचा तळ किती कापावा लागेल, याबद्दलही अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपले गणित गिअरपुरते बरोबर आहे, पण त्यात टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला तेलाचा जोड) धरायचा राहून गेला. गाडी उभी असताना कन्व्हर्टरमधले तेल इंजिनचा जोर नुसता पुढे पोचवत नाही, तर तो जवळपास दुप्पट करून देते, आणि गाडीने वेग घेतला की ही वाढ हळूहळू कमी होत संपते. म्हणजे आपल्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर कागदावर २.५२ असला, तरी चाक पहिला फेरा घेते त्या क्षणी तो पाचच्या आसपास असल्यासारखे वागतो. क्लचप्लेट असे काही करत नाही. तिला इंजिनाकडून जेवढा जोर मिळतो तेवढाच ती पुढे देते, आणि मधली तफावत घसरून, तापून भरून काढते. जाणकारांचे म्हणणे म्हणूनच खरे आहे.

आता पहिला गिअर आणि मागचे गुणोत्तर यांचा गुणाकार करून पाहा. एम-२० आणि २.७३ मिळून ६.८८ येतात; ही गाडी चढावर रडेल. रस्त्यावरच्या गाडीला नऊ ते दहा हा आकडा सुखाचा असतो, असा माझा अनुभव आहे. एम-२० ला ३.५५ चे क्राउन-पिनियन जोडले तर ८.९५ मिळतात, म्हणजे उठाव उत्तम. पण चौथा गिअर १.०० असल्याने २६ इंच व्यासाच्या टायरवर ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३,२०० फेरे घेईल. आज तेच २,४७० च्या आसपास आहे. आपल्या कानांची तक्रार मला तरी रास्त वाटते.

२.८७ चा टीकेएक्स आणि ३.५५ यांची जोडी सर्वांत देखणी आहे: पहिल्यात १०.१९, आणि पाचव्यात त्याच वेगाला सुमारे २,१८० फेरे. पण मागचा अॅक्सल उघडावा लागेल, आणि २.७३ च्या कॅरियरवर (क्राउन ज्यावर बसते त्या भागावर) ३.५५ ची क्राउन बसते की कॅरियरही बदलावा लागतो, हे आपला अॅक्सल कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरेल. ते आधी तपासावे.

तिसरा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही. ३.२७ चा टीकेएक्स घेऊन मागचे २.७३ तसेच ठेवायचे. पहिल्याचा गुणाकार ८.९३ येतो, म्हणजे एम-२० आणि ३.५५ यांच्याइतकाच. चौथा गिअर आजच्या ‘टॉप’सारखा राहील. पाचवा मात्र लांबच लांब होईल. ७० मैलांना सुमारे १,७८० फेरे, म्हणजे तो सपाट रस्त्यावरच टाकायचा आणि पुढच्या गाडीला ओलांडताना निमूटपणे चौथ्यात यायचे. एक धोका ध्यानात असू द्या: हा संच घेतला आणि दोन वर्षांनी मागे ३.५५ घालण्याची इच्छा झाली, तर पहिल्याचा गुणाकार ११.६ होईल आणि पहिला गिअर टाकताक्षणी दुसरा मागेल. म्हणून गिअरबॉक्स आधी घेऊ, मागचे पुढे बघू, असे करू नका. दोन्ही एकाच बैठकीत ठरवा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. या इंजिनाची फ्लायव्हील १५३ दात्यांची किंवा १६८ दात्यांची येते. स्टार्टर आणि बेल हाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स जोडणारे कवच) त्याप्रमाणेच घ्यावे लागते, त्यामुळे तिन्ही वस्तू एकाच ठिकाणाहून घेतलेल्या बऱ्या. टीकेएक्सच्या मागच्या योकला (प्रोपेलर शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याला) ३१ स्प्लाइन, म्हणजे दाते, असतात आणि आपल्या ऑटोमॅटिकच्या योकला २७, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा योक बदलेल आणि लांबी गिअरबॉक्स जागेवर बसल्यावरच मोजावी. ऑटोमॅटिकच्या मॉड्युलेटरला (गिअर कधी बदलायचा हे ठरवायला मदत करणाऱ्या भागाला) जाणारी व्हॅक्यूमची नळी बंद करायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि इंजिन निष्क्रिय गतीला का डगमगते हे शोधण्यात एक रविवार घालवला. क्लचसाठी शक्यतो मूळ पद्धतीचा दांडा आणि झेड-बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारी आडवी सळई) वापरावा. बेल हाउसिंगच्या आत बसणारे हायड्रॉलिक बेअरिंग हाताळायला सोपे असते, पण ते गळू लागले की सगळा गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यावा लागतो.

प्रतिसाद २

मी कोल्हापुरात इंजिनकामाच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. शेव्हेल हाताळण्याचा योग आलेला नाही, पण दुसऱ्या गाडीचे बेल हाउसिंग इंजिनाला लावताना सगळीकडे एकच चूक होते, म्हणून लिहितो.

बेल हाउसिंगचे मधले भोक क्रँकच्या मध्याशी जुळतेच असे समजू नका. डायल गेजचा चुंबक फ्लायव्हीलला लावा, टोक भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. काट्याचा एकूण फरक एका इंचाच्या पाच हजारांशांच्या आत असावा. फरक जास्त असेल तर खरी सरक त्याच्या निम्मी धरायची. या इंजिनांसाठी सात, चौदा आणि एकवीस हजारांश सरक देणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना (बेल हाउसिंगचा मध्य किंचित सरकवणाऱ्या पिना) मिळतात. काटा चौदा दाखवत असेल तर सातच्या पिना बसवाव्यात. ही मोजणी न करता बसवलेला नवा गिअरबॉक्स कुरकुरतो, गिअर अडकतो, बुश झिजते, आणि मग दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

क्रँकबद्दल सांगायचे तर कन्व्हर्टरचे नाक बाहेरच्या रुंद खाचेत बसते आणि बुशीचे भोक त्याच्या आत, अरुंद असते. ते नुसते ड्रिल केलेले आहे की मापात फिनिश केलेले आहे, हे हात लावून सांगता येत नाही, व्हर्नियरने मोजावे.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी ऑटोमॅटिक खाली घेतला. बुशीचे भोक सुदैवाने मापात निघाले, त्यामुळे क्रँकला काही करावे लागणार नाही. म्युन्सीचा मोह सोडला असून ३.२७ चा टीकेएक्स घेऊन मागचे २.७३ तसेच ठेवायचे, असे ठरवले आहे. माझे निम्मे चालवणे वुडवर्ड या रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल असते, आणि पाचवा क्वचितच लागेल. गिअरबॉक्स खालून टेकवून दांड्याची जागा आखल्याखेरीज तळाला करवत लावणार नाही.

आता एकच गोष्ट अडली आहे. १९६९ पासूनच्या या गाड्यांत किल्लीचे कुलूप कॉलममध्येच असून ते गिअरच्या दांड्याशी जोडलेले असते, आणि मूळ मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सपासून कॉलमपर्यंत एक सळई येऊन तेच काम करी. टीकेएक्सला ती सळई जोडण्याची सोय मला दिसत नाही. कॉलमचा खालचा लिव्हर ‘पार्क’च्या जागी कायमचा जखडला तर किल्ली निघेल, पण चालत्या गाडीत चुकून किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंगही जखडले जाईल, आणि ते मला मान्य नाही. न्यूट्रलची सुरक्षा (गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरू न देणे) क्लच पेडलवरच्या स्विचने साधता येईल. या कुलपावर मात्र कोणी खात्रीचा उपाय केला असल्यास कृपया तपशीलवार, शक्य असल्यास मापांसह, लिहावा.