सखाराम गणेश पंडितांना ‘आपला माणूस’ म्हणताना थिंद खटला तरी वाचा

रानवारा: काल आमच्या ग्रुपवर पोस्ट आली, ‘अमेरिकेत भारतीयांच्या नागरिकत्वासाठी झुंजलेले वकील सखाराम गणेश पंडित, आपला माणूस’. खाली नुसता नमस्कारांचा पाऊस. १९२३ चा थिंद खटला, म्हणजे भगतसिंग थिंद यांच्या अमेरिकन नागरिकत्वाचा खटला. त्यात थिंदच्या बाजूने (वकिलांत पंडितही होते) काय मांडलं गेलं, ते कुणी वाचलंय? थिंद उच्चवर्णीय, जातिबंधनांमुळे रक्तात भेसळ नाही, म्हणून आर्य, म्हणून ‘गोरा’. वर हेही लेखी दिलं की लग्नाच्या बाबतीत अमेरिकन माणूस कृष्णवर्णीयाकडे जसं बघतो, तसंच उच्चवर्णीय हिंदू आदिवासीकडे बघतो. माझी आजी विहिरीच्या काठापासून चार हात लांब उकिडवी बसायची. वरून कुणी पाणी ओतलं तर ओंजळीत. तोच भेदभाव यांनी कोर्टात शुद्ध रक्ताचा पुरावा म्हणून लावला. आणि तरीही एकमताने हरले.

सॅनहोजेचा जोशी: ताई, कायदाच तसा होता. गोरा किंवा आफ्रिकी वंशाचा, एवढ्यांनाच नागरिकत्व. तीनच महिने आधी ओझावा या जपानी माणसाच्या नागरिकत्वाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन. यांनी तोच शब्द धरला. मग तेच न्यायमूर्ती सदरलँड म्हणतात, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते बघा! वकिलाने अशिलासाठी हातात असेल ते वापरायचं नाही?

रानवारा: ताई नको. आणि हातात काय होतं हे आडनावावर ठरतं.

सॅनहोजेचा जोशी: आडनाव काढायचं कारण नाही. माझा बाप गिरणीत होता.

नागपुरी संत्रं: तुमचं चालू द्या, पण आज तरी काय बदललंय? ग्रीन कार्डात (कायम राहण्याच्या परवान्यात) एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आमचा अर्ज २०१३ पासून रांगेत. मुलगी डिसेंबरात २१ ची होतेय, मग ती माझ्या अर्जातून बाहेर. चौथीपासून इथे शिकली. आमच्या वकिलाने एक कागद दोन महिने टेबलावर ठेवला, वर फी वाढवून मागितली. पंडितांसारखा एक जण भेटला असता तर!

कोथरूडकर: सेम. आमच्या वकिलाने बायकोच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, आठ महिने गेले.

नागपुरी संत्रं: आठ महिने? मी आईच्या अंत्यविधीला जाऊ शकलो नाही. परत येता येईल का, याची खात्री कुणी देईना.

सॅनहोजेचा जोशी: वाईट वाटलं, खरंच. पंडितांचा मोठेपणा इथेच आहे. थिंद निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वैष्णो दास बगाईंचं गेलं. भारतात यायचं तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. १९२८ साली त्यांनी जीव दिला. पंडितांवरही दावा झाला. वकिली, घर, सगळं जाणार होतं, अमेरिकन बायको लिलियनचं नागरिकत्वसुद्धा. ते स्वतःच्या बाजूने उभे राहिले. सरकारला म्हणाले, १९१४ साली माझ्या नागरिकत्वाला तुम्ही विरोध केलात, हरलात, अपील केलं नाहीत, आता उकरून काढता येणार नाही. १९२६ ला अपील कोर्टाने मानलं, १९२७ ला सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. मग सरकारने बाकीचे दावे सोडले. कितीतरी घरं वाचली.

रानवारा: १९२६ चं मान्य. मनापासून मान्य, कारण तिथे ना रक्त, ना जात, नुसता कायदा. पण ‘काळच तसा होता’ हे ऐकून घेणार नाही. १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबियात बाबासाहेबांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला होता. त्याच देशात, थिंद निकालाच्या सात वर्षं आधी.

सॅनहोजेचा जोशी: हे दोन्ही एका रांगेत कधी ठेवून पाहिलं नव्हतं. ते लग्नाचं वाक्यही आज पहिल्यांदाच वाचलं. त्याचं समर्थन करत नाही. बगाईंच्या मुलांचा विचार केला की पंडितांना मात्र सोडवत नाही.

रानवारा: नका सोडू. त्या पोस्टखाली ते वाक्य तेवढं टाका.

सॅनहोजेचा जोशी: टाकलं. दोन जण ग्रुप सोडून गेले.

नागपुरी संत्रं: २१ वर्षांच्या नियमातलं कुणाला नीट कळतं का? व्यक्तिगत संदेश करा, प्लीज.